पाचव्या दिवसाचे पाणी

प्रिय यशू आणि निखिल,

सोमवारी सकाळी सात वाजता यवतमाळच्या बसस्थानकावर मी दारव्ह्याच्या गाडीत बसले. जवळ एक कापडी पिशवी होती. तिच्यात फूलस्केप कागद, दोन पेने, शाल, गोळ्यांची डबी आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. तुमच्या आईने कॅनडातून फोनवर चार सूचना दिल्या होत्या. शाल, गोळ्या आणि पाणी या तीन मी पाळल्या. चौथी होती, "जाऊच नकोस." सत्तर वर्षांच्या बाईने आपल्याच जिल्ह्यात कुठे जायचे हे इतक्या लांबून ठरत नसते, म्हणून ती पाळली नाही.

बोलावणे वसंतचे होते. वसंत म्हणजे माझा धाकटा भाऊ, सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेला. आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "बाई, ये. लिहायचं काम हाये." (आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. शाळेतही मी सगळ्यांची बाईच होते, त्यामुळे माझे खरे नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरले आहे.) वसंतने मला आजवर लिहायचे काम कधी सांगितले नव्हते. शिवाय त्याच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले. म्हणून मी कारण न विचारता निघाले.

त्याची गोष्ट तुम्हा दोघांना पाठ आहे. तुम्ही सुटीत यवतमाळला आलात की मी ती सांगायची. तीसेक वर्षांपूर्वी वसंतआजोबा शांतिसेनेतून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाळवंटात गेले, तिथे त्यांनी दोन सोबत्यांसह नदीच्या कोरड्या पात्रात खणले, पाणी लागले आणि तहानलेली माणसे वाचली. तीच गोष्ट मी शाळेत इंग्रजीच्या तासाला निबंध म्हणून वीस वर्षे मुलांकडून लिहून घेतली. आता हे पत्र नीट वाचा, कारण ती गोष्ट दुरुस्त करायची आहे.

दारव्ह्याचा रस्ता जानेवारीत बघण्यासारखा असतो. कापसाने फुगलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून डुलत चालतात आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरे पुंजके लागलेले असतात. तूर वाळून शेंगा खुळखुळू लागल्या होत्या. माझ्या शेजारच्या बाईने मांडीवरच्या टोपलीतून उकडलेल्या शेंगांची मूठ माझ्या हातात ठेवली आणि मी कुठली, कोणाची, हे सगळे दारव्हा येईपर्यंत काढून घेतले.

वसंत अंगणात खाटेवर बसला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात जुना खाकी स्वेटर. चहा झाला. मग म्हणाला, "बाई, दारव्ह्यात माजी सैनिकांचं सभागृह बांधलं. रविवारी उद्घाटन हाये. थ्याच्यात फलक लावला. माह्यं नाव हाये, पुसदच्या राठोडचं हाये, झरीच्या आत्रामचं हाये."

"मग चांगलंच झालं की."

"खाली काय लिवलं हाये आइक. 'परक्या वाळवंटाच्या छातीतून पाणी काढणारे आपले वीर.'"

वाक्य मला ओळखीचे वाटले. कुठले ते आठवेना.

"त्यात चूक काय?"

"चूक?" वसंत म्हणाला. "पानी आमी काढलं नाई, बाई. होतं थे नासवलं."

मग त्याने सांगितले. माझ्या भावाने एवढे सलग बोललेले मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. त्याच्याच क्रमाने लिहिते.

त्यांची चौकी समुद्रापासून थोड्या अंतरावर, एका कोरड्या नदीच्या काठी होती. दिवसभर वारा सुटायचा आणि वाळू भाकरीत, कानात, बंदुकीत जायची. बंदरापासून येणाऱ्या रस्त्यावर गोळीबार होई, त्यामुळे पाण्याचा टँकर आला तर आला. माणशी दिवसाला दोन बाटल्या. त्याच पिण्याच्या, त्याच तोंड धुण्याच्या. ऊन मात्र त्याला काही वाटले नाही. "दुसऱ्या राज्यातली पोरं झोपून राह्यची. आमी तिघं यवतमाळचे. म्हनलं, आमचा मे मयना याच्यापेक्षा वाईट."

नदीच्या पात्रात एका म्हातारीचा झिरा होता. (झिरा म्हणजे कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेला पाण्याचा खड्डा. उन्हाळ्यात अडाण नदीत तुमच्या पणजीनेही असे झिरे केले आहेत.) म्हातारीचा झिरा हातभरच खोल. ती काठावर बसून डब्याने पाणी उचलायची, थांबायची, पुन्हा उचलायची. अर्धा दिवस जायचा तेव्हा तिच्या बकऱ्या आणि दोन उंट पाणी पिऊन होत.

"आमाले हसू आलं," वसंत म्हणाला. "आपल्याकडे झिरा कमी पडला तं काय करते? खोल करते. आमी फावडी घेऊन गेलो. आत्राम खाली, मी मधात, राठोड वर. आत्राम म्हने, अजून दोन हात. खनलं. तिसऱ्या दिवशी गुडघाभर पानी. पेपरवाला आला, फोटो काढला."

"आणि ती?"

"थे हात आडवा धरून दाखवत राह्यली." वसंतने आपला तळवा जमिनीला समांतर धरला, कोपराएवढ्या उंचीवर. "एवढंच, एवढंच. वरवर. आमाले वाटलं, आभार मानते."

पाचव्या दिवशी बकऱ्यांनी पाण्यात तोंड घातले आणि मागे घेतले. आत्रामने ओंजळ घेऊन चाखले. पाणी खारट होते. समुद्राजवळच्या त्या वाळूत गोड पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, आणि म्हातारी तो साईसारखा काढत होती. यांनी खालपर्यंत हात घातला. तिघांनी वाळू परत लोटली, दोन दिवस वाट पाहिली. गोड पाणी परतले नाही.

"मंग चौकी तिथं होती तोवर तिघांनी दोनातली एक बाटली तिले नेऊन दिली. तिनं घेतली. कधी काही बोलली नाई, कधी आमच्याकडे पाह्यलं नाई. बकऱ्या एकेक करून कमी झाल्या. एक दिवस आमाले हलवलं. थे तिथंच राह्यली."

कमल, माझी भावजय, दारात उभी होती. तिलाही हे नवीनच होते, हे तिच्या हातातल्या गार झालेल्या चहावरून कळत होते.

मला राग आला. "मी वीस वर्षं पोरांकडून निबंध लिहून घेतला, वसंत. एकदा सांगता आलं नाही?"

"स्टेशनावर ढोल घेऊन आलते लोक. मायनं पेपरातला फोटो मढवून भिंतीवर लावला. तिच्यासमोर काय सांगू? माय गेली, मंग तुह्या निबंधाची वही चालू होती." मग म्हणाला, "पन घरातली गोष्ट घरात होती. आता थे भिंतीवर टांगून राह्यले. मी त्याच्या खालून मान वर करून जाऊ काय?"

समितीच्या अध्यक्षांना त्याने फोन केला होता. ते म्हणाले, मजकूर तिघांचा आहे, तिघांच्या सह्या आणा, मग बघू. राठोड फोनवर "ये, बोलू" एवढेच म्हणाला. आत्रामच्या गावात फोन लागत नाही. आणि डॉक्टरांनी वसंतला महिनाभर धूळ आणि प्रवास बंद केलेला.

मी कागद काढला. दोन वाक्ये लिहिली: "आम्ही तिघांनी एका म्हातारीच्या झिऱ्याचे गोड पाणी हट्टाने खोल खणून खारट केले. चौकी तिथे होती तोवर आमच्या पाण्यातला वाटा तिला दिला."

वसंतने ऐकून घेतले. "'दिला' खोड. 'परत केला' लिही. तेबी पुरा नाई, अर्धाच."

मी तसे लिहिले. त्याने चष्मा न काढता, मी बोट ठेवले तिथे सही केली.

मंगळवारी दिग्रसमार्गे पुसद गाठले. वाटेत आमच्या गाडीचे चाक बसले आणि सगळे उतारू एका संत्र्याच्या बागेशेजारी तासभर उभे राहिले. मी पिशवीवर बसून त्या दोन वाक्यांची स्वच्छ प्रत केली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "कोर्टाचं काम हाये काय?" मी म्हटले, त्याहून अवघड.

प्रल्हाद राठोड यांचे जळालेल्या मोटारींना नवी वायर गुंडाळून देण्याचे दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी. तांब्याच्या तारेची वेटोळी खिळ्यांना टांगलेली आणि सगळीकडे वॉर्निशचा वास. राठोड तांड्यातला माणूस (तांडा म्हणजे बंजारांची वस्ती), अंगाने आडवा, आवाजाने मोठा.

"हवालदारसायबाची बहीन? बसा बाई. सायबाले आता डोळे आले म्हनते," राठोड म्हणाले. "तेवा असते तं म्हातारीचा हात दिसला असता. म्हनजे मलेबी दोन होते, चांगले. पन दोष द्यायले साहेब बरा."

मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"पुसदात मले काय म्हनते माहीत हाये? वाळवंटवाला. ज्यानं रेतीतून पानी काढलं त्याच्या हातची मोटर जळत नाई, असं गिऱ्हाईक म्हनते."

"मग सही केल्यावर?"

"मोटर जळन." ते हसले आणि सही केली. अक्षर मुलीसारखे सुबक. "बाई, मले थे म्हातारी रोज दिसते असं म्हनलो तं खोटं होईन. मी सुखात झोपतो. पन बाटलीचं झाकन उघडलं का आठवते. आता कुठंबी बाटलीच मिळते, म्हनून दिवसातून पाच वेळा आठवते."

त्यांच्या पत्नीने आत बोलावून ज्वारीची भाकर, लसणाची चटणी आणि वांग्याचे भरीत वाढले. मी नको म्हणेपर्यंत तिसरी भाकर पानात होती. निघताना राठोड गाडीपर्यंत आले आणि आवाज पहिल्यांदाच खाली घेतला. "भीमराव आत्राम सही करनार नाई. जाऊन पाहा, पन करनार नाई. 'अजून दोन हात' म्हननारा थो होता."

पुसदहून आर्णी, आर्णीहून घाटंजी, तिथून पांढरकवडा. दोन दिवस गेले, कारण मध्ये पाहुण्यांकडे मुक्काम केला आणि त्यांनी हळदीकुंकवाला ठेवून घेतले. पांढरकवड्याला उतरले तेव्हा लक्षात आले की पाण्याची बाटली मी गाडीतच विसरले. पंचवीस वर्षे सहलीला नेलेल्या मुलांना "आपापली बाटली मोजा" म्हणणारी मी. ही गोष्ट तुमच्या आईला सांगू नका.

पुढे जीप. नऊ माणसांच्या जागेत चौदा बसतात हे पाहिले नसते तर विश्वास ठेवला नसता. झरी जामणीकडे सागाचे जंगल सुरू होते. पाने गळायला लागलेली, जमिनीवर मोठमोठ्या वाळलेल्या पानांचा थर, चालले की पापड मोडल्यासारखा आवाज. जीपवाल्याने मला एका फाट्यावर उतरवले आणि बोट दाखवले. "सरळ जा माय. पहिलंच पोड." (पोड म्हणजे कोलामांची वस्ती.)

पोडात पंचवीसेक घरे असतील. अंगणे शेणाने सारवलेली, कुडाच्या भिंती. आत्राम अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. उंच, वाळलेला माणूस. मी नाव सांगितले, वसंतचे नाव सांगितले. त्यांनी मान हलवली आणि काम चालू ठेवले.

त्यांची सून सुगंधा पाणी घेऊन आली. मी क्षणभर तांब्याकडे पाहिले. चार दिवस उकळलेले पाणी जपले होते. ती म्हणाली, "प्या ना माय. आमचं पानी चांगलं हाये," आणि हसताना तिने पदर तोंडावर धरला. तरी मला दिसले. तिचे दात तपकिरी होते, आडव्या रेघा ओढल्यासारखे. पाणी गोड होते. मी तांब्या रिकामा केला.

आत्रामांनी कागद वाचला आणि परत दिला. "सही नाई."

"खोटं लिहिलंय का काही?"

"नाई. खरं हाये."

"मग?"

ते उठले. "चला."

वस्तीमागे उतारावर एक उथळ विहीर होती, दगडांनी बांधलेली. चार बायका पाणी शेंदत होत्या. आत्राम म्हणाले, "बोअरवाले तीन डाव आले. मोठी मशीन घेऊन. म्हने, तुमी मागासलेले, खोल पानी द्यायले आलो. मी मशीनसमोर बसलो. बाजूच्या गावात बोअर हाये. तिथं पोराइचे दात पाहा, म्हाताऱ्याइचे गुडघे पाहा."

आमच्या या भागात काही ठिकाणी खोल पाण्यात फ्लोराईड असते. त्याने दात डागाळतात, पुढे हाडेही वाकतात. मी हे पेपरात वाचले होते. पाहिले नव्हते.

"मी एकटा नाई म्हनलो अन् सगळं पोड थांबलं," आत्राम म्हणाले. "काहून? तर भीमरावनं वाळवंटात पानी काढलं, भीमरावले पान्याचं समजते. थ्या खोट्या गोष्टीवर हे विहीर उभी हाये, बाई. मी तुमच्या कागदावर सही केली, उद्या पेपरात आलं, परवा मशीन आली, तं माह्यं कोन ऐकन? तुमच्या भावाची छाती हलकी होईन. इथं पोराइचे दात जाईन."

मी कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

तेव्हा सुगंधा बोलली. ती आमच्यामागून घागर घेऊन आली होती आणि सगळे ऐकत होती.

"मामाजी, वाळवंटाची गोष्ट मले लग्नात कोनी सांगतली नाई."

"तुह्यं काय मधात?"

"मी बोअरच्या गावची. लग्न होऊन आली, तेवा मले अठीचे लोक हसताना दिसले, तोंड उघडं टाकून. तवा मले समजलं पानी कोनतं प्यायचं." तिने विहिरीवरच्या एका मुलीला हाक मारली. मुलगी सातआठ वर्षांची, तिचीच. "दात दाखव गं." मुलीने सगळे दात दाखवले, पुढचा एक पडलेला, बाकीचे दुधासारखे. "मशीन आली तं मी बसन. मले तुमची गोष्ट नाई लागत. हे घ्या, हे हाये ना माह्याजवळ," आणि तिने पदर काढून स्वतःचे दात दाखवले. एवढ्या बायांसमोर.

विहिरीवरच्या एका म्हातारीने विचारले, "काय झालतं वाळवंटात?"

आत्रामांनी सुनेकडे पाहिले. मग त्या म्हातारीला कोलामीत काहीतरी सांगू लागले. मला शब्द कळले नाहीत. पण एकदा त्यांनी तळवा आडवा धरला, कोपराएवढ्या उंचीवर, तेव्हा ते कुठवर आले आहेत ते कळले. सांगून झाल्यावर म्हातारी एवढेच बोलली. सुगंधाने मला मराठीत सांगितले. "म्हने, म्हनून तू पाव्हन्याच्या घरी पानी मागताना लाजते काय."

जेवायला अंबाडीची भाजी आणि कण्या होत्या. सही मात्र आत्रामांनी केली नाही. मला फाट्यावर सोडायला आले तेव्हा म्हणाले, "चूक माह्या घरच्याइले सांगतली. फलकवाल्याइले अर्ज कायले करू? थ्याइनं मले विचारून नाव लिवलं होतं काय?" रविवारी उद्घाटन आहे एवढे मी सांगितले, तोवर जीप आली.

शनिवारी दुपारी मी दारव्ह्याला पोचले आणि थेट सभागृहात गेले. रंगाचा वास येत होता, खुर्च्या मांडणे चालू होते. समितीचे अध्यक्ष पुढे झाले आणि माझ्या पाया पडले. तो माझा विद्यार्थी निघाला. तिसऱ्या बाकावर बसणारा, अक्षर वाईट, पाठांतर चांगले. नाव इथे लिहीत नाही, कारण तो वाईट माणूस नाही.

"दोनच सह्या, बाई. तिघं ठरलं होतं."

"तिसऱ्याने खरं आहे म्हणून सांगितलं. सही केली नाही, एवढंच."

"आणि चूक कोणी फलकावर लिहितं का? पाहुणे येणार, शाळेची मुलं येणार. शिवाय जागाही नाही." जागा नव्हती हे खरे. फलकाच्या वरच्या भागात उद्घाटकांचे आणि अध्यक्षांचे नाव वीतभर अक्षरांत होते. "आणि हे वाक्य मी कसं खोडू, बाई? हे तुमचंच आहे. निबंधाचं शेवटचं वाक्य. मी मराठीत केलं. तेव्हा तुम्ही मला वर्गात उभं करून वाचायला लावलं होतं."

तेव्हा मला आठवले की वाक्य कुठले.

घरी येऊन वसंतला सगळे सांगितले. तो म्हणाला, "जागा नाई म्हनला? मंग माह्यं नाव खोडा म्हना, जागा होते." मला वाटले रागाने बोलतोय.

रविवारी आठच्या सुमारास अंगणात आवाज आला, "हवालदारसाब हायेत काय?" आत्राम होते, सोबत सुगंधा. आदल्या संध्याकाळी निघून पांढरकवड्याला नातेवाइकांकडे थांबून पहिली गाडी पकडलेली. त्यांच्या हातात एक छोटा डबा होता, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेल्या पांढऱ्या रंगातला उरलेला.

वसंत खाटेवरून उठला. तीस वर्षांत दोघे भेटले नव्हते. वसंतने काळा चष्मा लावलेला, त्याला नीट दिसतही नसावे. "कोन, दोन हातवाला?"

"हाव. तुमी म्हनले खन, म्हनून खनलं."

"अबे मी कवा म्हनलो?"

"मधात तुमीच होते ना."

दोघे तसेच भांडत राहिले आणि एकमेकांचे हात सोडेनात. साडेआठला राठोड आले, शर्टाच्या खिशात वॉर्निशचा ब्रश. वसंतनेच त्यांना पहाटे फोन केला होता. डॉक्टरांची धूळबंदी मी बोलून दाखवली. कोणीही ऐकली नाही. कमलने फक्त वसंतच्या डोक्याला उपरणे बांधून दिले.

सभागृहात फलकावर पडदा होता. दाराशी मुले हारांचे वाटप करत होती, अध्यक्ष पाहुण्यांना आणायला गेलेले. राठोडांनी स्टूल ओढले, पडदा बाजूला केला. एक कार्यकर्ता धावत आला. "काका, काय करता? समितीची परवानगी..."

"नाव कोनाचं?" आत्रामांनी विचारले.

"तुमचं."

"मंग बस."

आपापले नाव ज्याने त्याने पुसायचे, असे त्यांनी आधीच ठरवले असावे. आत्रामांनी पहिले पुसले, खालून वर, कुडाची भिंत लिंपावी तसे. राठोडांनी तारेवर वॉर्निश फिरवावे तशा बारीक हाताने. वसंत स्टुलावर चढला तेव्हा मी त्याचे कोपर धरले.

"बाई, सरळ जाऊन राह्यलं काय?"

"थोडं खाली. डावीकडे अजून एक अक्षर राहिलं."

नाव संपले. खाली वाक्य उरले. तो उतरला आणि ब्रश माझ्यापुढे धरला. "हे आमचं नाई. हे तुह्यं हाये."

राठोडांनी स्टूल धरले, सुगंधाने माझी पिशवी. मी स्टुलावर चढले. 'परक्या वाळवंटाच्या छातीतून' पासून 'वीर' पर्यंत मी एकाच हाताने पांढरे केले. फळ्यावरचे पुसताना जशी सवय होती तशी, डावीकडून उजवीकडे, ओळ न सोडता.

अध्यक्ष आले तेव्हा रंग ओला होता. त्याने फलकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी म्हटले, "निबंध मी परत घेतलाय. तुला दिलेले गुण राहू दे." त्याने पडदा पुन्हा ओढला आणि अकरा वाजता उद्घाटकांनी दोरी ओढली तेव्हा मोठ्या अक्षरांखाली चार पांढऱ्या पट्ट्या लोकांसमोर आल्या. टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले, "हे काय पुसलं?"

वसंत उभा राहिला आणि सांगू लागला. तळवा आडवा धरून.

संध्याकाळच्या गाडीने मी यवतमाळला परत आले. नखांत अजून पांढरा रंग आहे, रॉकेलने गेला नाही, जाऊ दे. घरी आल्यावर मी कपाटातली निबंधाची वही काढली. वर्षानुवर्षे तिच्यातून मजकूर सांगत आले. ती फाडली नाही. शेवटच्या वाक्यावर रेघ मारली आणि खाली पाचवा दिवस लिहिला, इंग्रजीत, तुम्हाला नीट वाचता यावा म्हणून. त्याची प्रत सोबत पाठवते आहे. तुमच्या शाळेत आजीच्या देशातली एखादी गोष्ट सांगा म्हटले, तर ही सांगा. पूर्ण सांगा. ज्याला मान हवा असतो तो तिसऱ्या दिवशी थांबतो, आणि मी वीस वर्षे मुलांना तिथेच थांबायला शिकवले. त्या बाईचे नाव आम्हा कोणाला माहीत नाही. ते मात्र दुरुस्त करता येत नाही.

काल वसंतचा फोन होता. म्हणाला, फलकावरची नावे कोणी वाचत नाही, पण पट्ट्यांपाशी जो तो थांबतो आणि त्याला बोलावून विचारतो. आतापर्यंत इतक्यांदा सांगितले की आवाज बसला. समिती पुढच्या महिन्यात फलक नव्याने रंगवणार आहे म्हणे, सगळी नावे पुन्हा घालून.

"मग?" मी विचारले.

"रंगवू दे," तो म्हणाला. "आत्राम डबा इथंच ठेवून गेला."

तुमची,
आजी